भिंत पांढरी करील त्याने जेवण घालावे

जामुनढाणा, मेळघाट
ता. ८ मार्च १९६४

ती. बाबा यांस,

सुभद्रेचा सविनय जयभीम. मायला जयभीम, गोवर्धनला आशीर्वाद. मी खुशाल आहे. मायने दिलेले लोणचे पोचले, पण बरणीचे फडके वाटेत सुटले आणि ट्रंकेतल्या दोन्ही पातळांना असा वास लागला आहे की तो धुऊन जात नाही. इथल्या बायका माझ्याजवळ बसल्या की आधी वास घेतात, मग बोलायला सुरुवात करतात. त्यामुळे ओळखी लवकर झाल्या, असे मायला सांगावे.

तुम्ही मागच्या पत्रात बजावले आहे की सरकारी कागदावर सही करताना बापाचे नाव पूर्ण लिहीत जा. तसेच करते. हजेरीपटावर दर महिन्याला तुमचे नाव मेळघाटात फिरून येते.

काम चालू आहे. मुख्यसेविका म्हणून माझ्याकडे पाच ढाणे आहेत. इकडे डोंगरातल्या वस्तीला ढाणा म्हणतात. ब्लॉकच्या हुकुमाप्रमाणे घरोघरी बिनधुराच्या चुली बांधल्या. बायकांनी माझे मन मोडले नाही. नव्या चुलीत आता कोंबड्या अंडी घालतात आणि स्वयंपाक जुन्या चुलीवर होतो. बालवाडी मात्र खरी चालते. जामुनढाण्याच्या लोकांनी श्रमदानाने एक मातीची खोली बांधून दिली आहे, तिच्या पाठीमागच्या पडवीत माझे क्वार्टर. समोरची लांब भिंत रस्त्याच्या बाजूला आहे. तिच्याविषयीच आज लिहायचे आहे.

पण आधी मैनाबाई. तुम्ही विचारले होते, 'त्या रानात तुह्याशी बोलाले तरी कोण हाय?' मैनाबाई आहे. आजवर लिहिले नाही, कारण तिच्याविषयी थोडक्यात लिहिता येत नाही.

ती कोरकू आहे. वय तिला ठाऊक नाही. लहान असताना तिने घोड्यावरचा गोरा साहेब पहिल्यांदा पाहिला, तेव्हा ती झाडावर लपून बसली होती आणि साहेब नेमका त्याच झाडाखाली थांबला. त्याच्या टोपीवर थुंकावे असे तिला फार वाटले. मी विचारले, "थुंकली का मग?" तर म्हणाली, "तोंड कोरडं पडलं होतं ना, बाई." पहिला नवरा घाटाच्या रस्त्यावर काम करताना दरडीखाली गेला. दुसऱ्याला तिने सोडले. का सोडले, तर म्हणे, "कुत्रे त्याले भुकत." कुत्री अजून आहेत. चार-पाच तरी असतील, तिच्या मागेमागे बालवाडीत येतात आणि पोरांच्या रांगेत बसतात. तिने लाकूडकटाईवर दिवस काढले, गिट्टी फोडली, परतवाड्याला डोक्यावरून गवताचे भारे नेले. केस पांढरे झाल्यावर आईच्या ढाण्यात परत आली आणि चित्रे काढू लागली. मी विचारले, आधी नव्हती काढत? म्हणाली, "आधी हात दुसऱ्याचे होते."

मार्चमध्ये खालच्या नदीत वाळूच उरते. बायका तिथे झिरा उकरून पाणी भरतात आणि भांडे भरेपर्यंत मैनाबाई गोष्ट सांगते. सांगताना बोटाने वाळूवर काढत जाते. वळसा म्हणजे डोह, अर्धचंद्र म्हणजे मांडी घालून बसलेली बाई, ठिपक्यांची रांग म्हणजे चालत गेलेले कोणी. पुढचा प्रसंग आला की तळहाताने सारे पुसते. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, इतके चांगले काढून ही पुसते कशी. तिला त्याचे काही नाही.

आता भिंत. पोरांना अक्षरे मोठी दिसावीत म्हणून मी परतवाड्याहून चुना आणवला आणि ती लांब भिंत स्वतः पांढरी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तो बाहेर ढाण्यातल्या बायकांचा घोळका. कोणाच्या हातात गेरूचे मडके, कोणाकडे पिवळी माती, कोणाकडे वाटलेला कोळसा. मैनाबाई पुढे.

"भिंत पांढरी कोणं केली?"

म्हटले, मी.

"मंग जेवाले काय करून राहिली?"

मला काही कळेना. जाईबाई म्हणून एक समजूतदार बाई आहे, तिने सांगितले. त्यांच्याकडे कोणी भिंत पांढरी केली की ते बोलावणे असते. लग्न असो, नवे घर असो, भिंत पांढरी करून ठेवायची. मग बायका येतात आणि काढतात, आणि ज्याने पांढरी केली त्याने त्यांना जेवण घालायचे. तोंडाने बोलवायची रीत नाही. मी अ आ इ लिहायला चुना मारला होता, आणि आख्ख्या ढाण्याला आमंत्रण देऊन बसले होते.

खिचडी केली. मायचे उरलेले लोणचे त्या दिवशी संपले.

बाबा, ते चित्र मला तुम्हाला दाखवता आले असते तर. त्यात वर-खाली काही नाही. घारीला दिसावे तसे सारे वरून. मैनाबाई भिंतीच्या एका कोपऱ्यातून सुरू करते, बोरूसारखी काडी चावून तिचा कुंचला करते, ठिपके मात्र बोटाने. ठिपका ठेवताना हलक्या आवाजात गाते. गाणे मध्येच तुटले तर हात थांबतो आणि ती गाणे पुन्हा पहिल्यापासून घेते. नदी, डोह, पायवाटा, दगड तिने काढले आणि मग बाजूला सरकून चुट्टा पेटवला. कारण मोहाची झाडे प्रत्येकीची वेगळी. आईकडून लेकीला आलेली. जिचे झाड तिनेच काढायचे, दुसरीने हात लावायचा नाही. एकेक बाई उठून गेली आणि आपले झाड आपल्या जागी काढून आली. काही म्हाताऱ्यांना कमी दिसते, त्यांना नातींनी धरून नेले, पण बोट त्यांचेच. एका जागी नुसतेच दाट पांढरे ठिपके आहेत. तिथे काय, असे विचारले तर मैनाबाई म्हणाली, "तिथं आमचे मेलेले हायेत. ते झाकलं. ते तुह्यासाठी नाई."

मला राहवले नाही. एक ठिपका मी ठेवू का, म्हटले. तिने माझ्या हातावर चापट मारली.

शेवटी तिने रस्त्याकडून बालवाडीपर्यंत एक पावलांची ओळ काढली. बाकी सारी पावले अनवाणी, ही चपलेची. ढाण्यात चपला मीच घालते.

एक काळजीची गोष्ट आहे. जंगलखात्याला या उतारावर साग लावायचा आहे. मिरगाच्या आत ढाणा उठवावा असे कागद निघाले आहेत. त्यांचे म्हणणे की ही जुनी वस्ती नव्हे, कटाईसाठी आणलेले मजूर इथेच राहिले आहेत, त्यांना दुसरीकडे बसवता येईल. जंगलखात्याच्या माणसाने हे सांगितले तेव्हा मैनाबाई त्याला म्हणाली, "मजूर आणले तं आमच्या आज्याईले कोणं आणलं?" तो हसला. मला हसू आले नाही.

रात्र झाली. बाकी पुढच्या पत्री. तुमच्या गुडघ्याला लावायला इथले एक तेल पाठवीत आहे, वास वाईट आहे, गुण चांगला आहे.

तुमची
सुभद्रा


द्वारा मैनाबाई, जामुनढाणा
ता. ३ मे १९६४

ती. बाबा यांस,

सुभद्रेचा जयभीम. तुमची दोन पत्रे एकदम मिळाली. उशीर झाला, रागावू नये. पत्ता बदलला आहे. वर लिहिला आहे तो वापरावा. क्वार्टरची कौले उतरवली आहेत. मैनाबाईच्या घरी मी आरामात आहे. कुत्र्यांनी मला घरातले मानले, म्हणजे मी तिच्या दुसऱ्या नवऱ्यापेक्षा बरी ठरले.

उन्हाळा फार आहे, पण अकोल्याइतका नाही. जुन्या शहरात आपल्या गल्लीत आता टिनपत्रे तापून माय दुपारी मोर्णेकाठी जाऊन बसत असेल. तिला सांगा, इथे मोहाच्या सावलीत दुपार कळत नाही.

मी एक गंमत लिहिते. गंमतच म्हणावी.

नागपूरहून जंगलखात्याचे मोठे साहेब जागा पाहायला येणार असे ठरले. आदल्या दिवशी आमचे बी.डी.ओ. साहेब जीप घेऊन तयारी बघायला आले. मांडव, खुर्च्या, सुरई, सगळे त्यांनी बरोबर आणले होते. बालवाडीसमोर उतरले आणि भिंतीकडे पाहत राहिले.

"हे काय आहे?"

म्हटले, "नकाशा आहे, साहेब. जामुनढाण्याचा."

"नकाशा सरकार काढते," साहेब म्हणाले.

मग जवळ जाऊन त्यांनी झाडांची वर्तुळे पाहिली, कोणत्या बाईचे कोणते हे जाईबाईने उत्साहाने सांगितले, तिच्या आजीपर्यंतची नावे घेतली. तसतसा साहेबांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी मला बाजूला बोलावले. जिथे जुनी वस्ती नाही असे आपण वर कळवले आहे, तिथे सरकारी इमारतीच्या भिंतीवर हे असले चित्र मोठ्या साहेबांना दिसणे बरे नाही. संध्याकाळच्या आत चुना मारून घ्या.

मी म्हटले, मी मारणार नाही.

बाबा, मी ओरडले नाही. हात जोडले नाहीत, इतकेच. तुम्ही म्हणता, सरकारी माणूस म्हणजे सरकारचा हात. पण त्या भिंतीवर चुना मारायला हात उचलेना, त्याला मी काय करू?

साहेबांनी जीपचा ड्रायव्हर मोतीराम याला कामाला लावले. तो दर्यापूरकडचा, साधा माणूस. तो कुंचा मारू लागला आणि ढाण्यातल्या बायका येऊन उभ्या राहिल्या. मला वाटले आता काही होईल. नद्या गेल्या, झाडे गेली, माझ्या चपलेची पावले गेली. मला इतका संताप आला की मी मैनाबाईचा दंड धरून हलवला. "पाहता काय नुसत्या? बोला ना."

ती चुट्टा ओढत होती. मोतीरामला म्हणाली, "पातळ झाला रे. आणखी एक हात मार."

मोतीरामने मारला. मग तिने विचारले, "जेवण तू देशीन का साहेब देईन?"

मोतीराम घामाघूम झाला होता. त्याला वाटले ही आपल्या मजुरीचे विचारते. म्हणाला, "मायाजवळ काय हाय, आजी? देईन तं साहेबच देईन."

"साहेब," मैनाबाई बायकांकडे वळून म्हणाली, आणि सगळ्या घरी गेल्या. तेव्हा मला समजले. मी त्या संध्याकाळी कोणाशीच काही बोलले नाही. बी.डी.ओ. साहेबांना सांगायला हवे होते का? मी खूप विचार केला. त्यांनी विचारले असते तर सांगितले असते.

सकाळी मोठे साहेब आले. पिकलेल्या केसांचे, हळू बोलणारे गृहस्थ. खुर्चीवर बसून पाणी पितात तो खालून बायकांची रांग. अर्ध्या बायका मडकी घेऊन सरळ भिंतीकडे गेल्या, अर्ध्या थाळ्या घेऊन बी.डी.ओ. साहेबांच्या समोर मांडी घालून बसल्या. कुत्री त्यांच्या मागे बसली.

"यांना काय पाहिजे?" मोठ्या साहेबांनी विचारले.

बी.डी.ओ. साहेब म्हणाले, "काही नाही सर, अडाणी लोक आहेत." मग मैनाबाईला दबक्या आवाजात, "उठा इथून."

"काहून? भिंत तुह्या माणसानं पांढरी केली," मैनाबाई म्हणाली. "ह्या बाईनं केली तवा खिचडी देल्ली होती. तू साहेब हायस. आमी म्हटलं गोड असंन."

मोठ्या साहेबांनी सगळे समजून घेतले. मोतीरामला विचारले, त्याने खाली मान घालून सांगितले. बी.डी.ओ. साहेबांना विचारले, चुना का मारला? ते म्हणाले, आपल्या स्वागतासाठी. मोठे साहेब थोडा वेळ रुमालाने तोंड पुसत राहिले. पुसायला काही नव्हते. मग म्हणाले, "रीत आहे तर पाळली पाहिजे. वाढा."

साहेबलोकांसाठी केलेल्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि शिरा बायकांनी खाल्ला. बी.डी.ओ. साहेबांना स्वतः वाढावे लागले, कारण मैनाबाईने सांगितले की ज्याने बोलावले त्याने वाढायचे. आणि समोर भिंतीवर नदी पुन्हा वाहू लागली. या वेळी चित्र मोठे आले. मागच्या खेपेला ज्या बायका मजुरीवर गेल्या होत्या, त्यांचीही झाडे आली.

मोठे साहेब बराच वेळ भिंतीपाशी उभे होते. जाताना ते म्हणाले, "ही वस्ती नवी असे मला कळवले गेले आहे. नीट चौकशी करून, जुनी की नवी, लेखी अहवाल पाठवा. तोवर झाड तोडू नका आणि माणूस हलवू नका."

एवढेच. मैनाबाईला ते काय बोलले ते मी समजावून सांगितले. ती म्हणाली, "शिऱ्यात गूळ कमी होता."

इथे सारे ठीक आहे. माझी काळजी करू नये. पत्र वरच्या पत्त्यावरच पाठवावे.

तुमची
सुभद्रा


द्वारा मैनाबाई, जामुनढाणा
ता. २ जून १९६४

ती. बाबा यांस,

जयभीम.

तुमचे पत्र मिळाले. आजवर तुम्ही मला इतके लहान पत्र कधी लिहिले नव्हते. ते मी पाठ केले आहे. 'खुशालरावाकडून कचेरीत समजलं. तुले सस्पेंड केलं अन् तू आम्हाले कौलं उतरोली म्हणून लिहतं. साहेबानं खुलासा मागतला तं देऊन टाक. माफी मांगाले काय पैसे पडतात? मी तीस वर्सं साहेबाचा दरवाजा उघडून राहिलो तवा तू बी.ए. झाली. सही कर अन् मोकळी हो.'

कौले उतरवली नव्हती, मला उतरवले. हे तुम्हाला लिहिताना माझा हात थांबला, कारण माय माझ्या नेमणुकीचा कागद खणात गुंडाळून ठेवते हे मला माहीत आहे. मला तुमचा राग चालतो. तुमच्या कचेरीतल्या खुशालराव कारकुनांच्या तोंडून तुम्ही ते ऐकलेत, दारात उभे राहून, पट्टा लावून, हे मला चालत नाही. त्याबद्दल मी तुमची माफी मागते. ही एकच माफी आहे, बाबा. दुसरी मागणार नाही. कारण ऐका.

मोठे साहेब गेल्यावर दोन दिवसांनी बी.डी.ओ. साहेबांनी मला ब्लॉकवर बोलावले. रागावले नाहीत. चहा मागवला, 'तू हुशार मुलगी आहेस, तुझ्या समाजातून शिकून वर आलीस' असे म्हणाले. समोर खुलासा टाइप करून ठेवला होता. मी फक्त सही करायची. त्यात नोकरशाहीची नेहमीची वाक्ये होती आणि मध्ये एक वाक्य होते: सदरहू चित्र मी माझ्या कल्पनेने स्त्रियांना शिकवून काढून घेतले व त्यातील झाडे आणि जागा मी सांगितल्याप्रमाणे दाखविण्यात आल्या.

म्हणजे सही केली की अहवाल आपोआप तयार. ही वस्ती जुनी नाही, भिंतीवर आहे ती एका पोरसवद्या सेविकेची कल्पना आहे. ढाणा उठवा, साग लावा. माझी नोकरी माझ्याकडे राहील, बदली अमरावतीला होईल, तेही साहेबांनी सांगितले. मला चांगले क्वार्टर मिळेल. तुम्हाला तिथे बोलावता येईल.

चहा प्यायले आणि उठून आले. दुसऱ्या दिवशी निलंबनाचा कागद आला.

तुम्ही म्हणाल, त्या अडाणी बाईने तुला भरीला घातले. तसे नाही. मी तिला सगळे सांगितले, तो कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "कर सही. तुही नोकरी हाय. आमी काय, आणखी काढू." मग जरा वेळाने तिच्या ध्यानात आले. "काय लेहलं मनते? तूनं शिकवलं?" आणि बाबा, ती अशी चिडली की कुत्रीसुद्धा उठून बाहेर गेली. "तूनं? तुले तं ठिपका ठेवता येत नाई. तुही चूल पाह्य, तिच्यात कोंबडी बसते. अन् तू मले मायी नदी शिकवशीन?" सगळ्या ढाण्यात ही बातमी गेली. ज्या ढाणा उठण्याबद्दल शांत होत्या त्या बायका या एका वाक्याने पेटल्या. जाईबाईची सासू, जिला डोळ्यांनी दिसत नाही, ती मला विचारायला आली की मायं झाड तू मले शिकवलं का?

त्यात साहेबांनी भिंतीवर पुन्हा चुना मारायचा हुकूम दिला. मोतीराम जीप घेऊन आला, चुन्याची पोती घेऊन आला, आणि पोती तशीच ठेवून साहेबांकडे परत गेला. म्हणाला, "सायेब, आता जेवण कोण घालंन ते आंधी सांगा." साहेबांनी दुसरा माणूस धाडला. त्याने मारला. दुसऱ्या दिवशी बायकांनी भिंत पुन्हा चित्रांनी भरली आणि थाळ्या घेऊन ब्लॉक ऑफिसपर्यंत चालत गेल्या. मी बरोबर गेले नाही. मी गेले असते तर साहेबांचेच खरे झाले असते. मी मैनाबाईच्या ओट्यावर बसून कुत्री राखली. संध्याकाळी त्या परत आल्या. हेडक्लार्कने चिवडा आणि चहा दिला म्हणे. मैनाबाई समाधानी नव्हती. चिवडा हे जेवण होत नाही, साहेबाकडे एक जेवण बाकी आहे, असे ती येईल-जाईल त्याला सांगते.

चौथ्यांदा चुना अजून आलेला नाही.

आता तुमचे.

बाबा, आपण गाव सोडले तेव्हा मी शाळेत होते. तुम्हाला वाटते मी ते विसरले. चांदूर बाजारकडचे ते आपले घर, दारातली बाभूळ. नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर तुम्ही पांढरे धोतर नेसून पाटलाच्या वाड्यासमोरून गेलात आणि पाटलाने मेलेला बैल ओढायला निरोप पाठवला. तुम्ही गेला नाहीत. काकाही गेले नाहीत. मग विहीर बंद झाली, काम बंद झाले, दुकानदार मीठ देईना. आजी रडत होती, पाया पडून ये म्हणत होती. शेवटी तालुक्याचा कोणी फौजदार आला. त्याने चावडीत कागद केला आणि तुम्हाला फार नरमाईने सांगितले की तुझी काही चूक नाही, अमरावतीच्या पुढाऱ्यांनी तुला भडकवले एवढेच लिहून दे. मग सगळे पहिल्यासारखे होईल. गावात राहशील.

मी चावडीच्या पायरीशी मायचा पदर धरून उभी होते. तुम्ही म्हणालात, "मले कोणं भडकावलं नाई, सायेब. मले डोकं हाय."

त्या रात्री आपण बैलगाडीत बसलो. अकोल्याला आल्यावर तुम्हाला पट्टेवाल्याची नोकरी मिळेपर्यंत आपण काय खाल्ले ते मायला विचारा. तुम्हाला गाव सोडावे लागले, पण त्या एका वाक्याखाली तुम्ही सही केली नाही. मी आजवर कोणत्याही पुस्तकातून जे शिकले नाही ते त्या पायरीशी शिकले. बी.ए. त्यानंतरचे.

मैनाबाईला डोके आहे, बाबा. जाईबाईला आहे, तिच्या आंधळ्या सासूला आहे. ते नाही असे मी लिहून द्यायचे, आणि तेही कोणी? जिच्या बापाला हेच लिहून द्यायला सांगितले होते, तिने?

तुम्ही तीस वर्षे दरवाजा उघडला म्हणता. खरे तर पट्टा लावून सातच वर्षे झाली; त्याआधीची वर्षे तुम्ही ज्या दारांत उभे होता त्यांची मी नावे घेत नाही. पण त्या सर्व दारांतून मी आत जावे म्हणूनच तुम्ही उभे राहिलात. आत गेल्यावर मी कोणाला बाहेर काढायचे, हे मात्र माझे मला ठरवू द्या.

मी माझा खुलासा दिला आहे. रजिस्टर पोस्टाने, एक प्रत ब्लॉकला आणि एक नागपूरच्या मोठ्या साहेबांना. तो असा: 'हे चित्र मला काढता येत नाही. ज्यांना येते त्यांनी काढले आहे. त्यांना विचारावे.' मोठे साहेब पुन्हा येतील की नाही, ठाऊक नाही. अहवाल कोण लिहील, ठाऊक नाही. मिरग तोंडावर आला आहे, जंगलखात्याचे लोक रोपांची गाडी घेऊन येतील असेही ऐकते आणि येणार नाहीत असेही. बायकांनी ठरवले आहे की जो कोणी येईल त्याला आधी भिंतीपाशी न्यायचे.

नोकरी गेली तर मी अकोल्याला येईन. जुन्या शहरात शिकवण्या करीन, वाटल्यास जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायला बसेन. तुम्ही दार उघडाल की नाही ते पत्री कळवू नका. मी येऊन पाहीन. पण अजून मी इथून गेलेली नाही, आणि इतक्यात जाणार नाही. परवा तिसऱ्यांदा भरलेली भिंत पाहत होते. रस्त्याकडून बालवाडीपर्यंत चपलेची पावले तिने पुन्हा काढली आहेत. त्यापुढे आता ती मैनाबाईच्या घरापर्यंत जातात. मी विचारले, परत जाणारी पावले का नाही काढली? ती काडी चावत होती. म्हणाली, "तू गेली का? नाई ना. न झालेलं मी काढत नाई."

तुम्ही मला सही करताना बापाचे नाव पूर्ण लिहायला शिकवले. त्या टाइप केलेल्या कागदाच्या तळाशी माझ्या नावापुढे तुमचे नाव आधीच घातलेले होते. सही मी करणार, पण त्या वाक्याखाली तुम्हीही उभे राहिला असता. चावडीत नाही म्हणून आलेल्या माणसाला मी ब्लॉक ऑफिसात हो म्हणायला लावले असते. ते मला जमले नाही.

माझ्या खुलाशाखाली आणि या पत्राखाली मात्र ते नाव मी सुवाच्य लिहीत आहे. मायला वाचून दाखवताना तेही मोठ्याने वाचावे.

सुभद्रा शेषराव तायडे